माझ्यामागे या

आमच्याकडे याला म्हणतात चांदीचं वितळणं.
दिसायला देखणं: तारांवर, कुंपणावर, बर्चच्या डहाळ्यांवर
काचेचा थर.
पाऊस पडतो तो पाऊस म्हणूनच,
जमिनीला टेकल्यावर त्याचं मत बदलतं.

गँडर, न्यूफाउंडलंड. फेब्रुवारीतले रात्रीचे दोन.
पारा शून्याखाली एक.
उणे तीस असतं तर मी निर्धास्त असते.
कडाक्याच्या थंडीतला बर्फ खरखरीत, बुटाला धरतो,
दिल्या शब्दाला जागतो.
शून्याच्या उंबऱ्यावरचा मात्र
अंगावर पाण्याचा पदर ओढून पडलेला असतो.
त्याचा भरवसा धरायचा नाही.

मी डल्सी पेली. सोळा हिवाळे ही पिवळी पिकअप चालवते,
टपावर दिव्यांची पाटी: माझ्यामागे या.
आज मागे आहे चार इंजिनांचं मालवाहू धूड,
लीएजहून शिकागोला निघालेलं.
सगळा किनारा बंद, त्यातल्या त्यात आम्ही बरे, म्हणून इथे उतरलं.
पोटात एकेचाळीस घोडे.

घोडे?
'हो, उभे आहेत सगळे.' रेडिओवर कॅप्टन, बाईचा आवाज, बसका.
'ब्रेक मारला तर गुडघ्यांवर येतील.
तुम्ही सांगाल तितकं हळू.'

हळू म्हणजे,
शेजारचे हेडलीकाका अंडी घेऊन
चर्चच्या उतारावरून येतात, तितकं.
वळणावर त्याच्याही निम्मं.
पुढे सेल्बीचा ट्रक वाळू टाकत चाललाय,
गरम पाण्यात भिजवलेली, नाहीतर वारा ती उडवून नेतो.
वाळूमागे मी, माझ्यामागे ती,
आणि तिच्या पंखांची टोकं दोन्हीकडच्या बर्फाच्या ढिगांवरून सरकताहेत,
झोपलेल्यांच्या अंगावरून कुणी दिवा न्यावा तशी.

चौथ्या वळणावर वारा डावीकडून आला.
शेपूट म्हणजे सहा मजली शीड; वाऱ्याला तेवढंच हवं असतं.
आरशात पाहिलं: नाकाचं चाक पुरतं वळलेलं
आणि विमान सरळ,
वळणाचं नावच नाही,
दिवे आरशात मोठे होत चाललेले, अगदी सावकाश.
सावकाश घसरणं किती लांब असतं
ते पाहिलेल्यालाच ठाऊक.

मी तोंडातून शब्द काढला नाही. अशा वेळी बोलू नये.

लहानपणी आम्ही खाडीत बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारायचो,
एकीवरून दुसरीवर, ती बुडायच्या आत तिसरीवर.
बाप किनाऱ्यावर उभा, ओरडायचा नाही.
घरी आल्यावर म्हणायचा,
थांबायचं कुठे ते निघायच्या आधी ठरवावं, पोरी,
बर्फावर ऐनवेळचं शहाणपण चालत नाही.

कॅप्टननं चाक आणखी वळवलं नाही.
उलट सोडलं, जवळजवळ सरळ केलं,
आणि वाट पाहिली. किती पाहिली!
रबराला कुठेतरी सेल्बीची वाळू लागली,
मग बाहेरच्या एकाच इंजिनाचा बारीक हुंकार,
आणि ते सगळं धूड, काहीतरी आत्ताच आठवल्यासारखं,
वळलं.

जागेवर आल्यावर चाकांना ठोकळे. तेही घसरायला लागले,
सेल्बीनं त्यांच्याखाली मूठमूठ वाळू सारली, शिव्या देत.
दार उघडलं. वाफ बाहेर आली,
गवताची, लिदीची, ओल्या कातडीची,
इतक्या वर्षांत इथे कधी न आलेला वास.
आत कुणीतरी खूर आपटला. एकदाच.

कॅप्टन गोडलीव्ह जिना उतरली, कठडा दोन्ही हातांनी धरून,
साठीला टेकलेली, माझ्या खांद्याइतकी.
शेवटच्या पायरीवर थांबली, बर्फाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी हात पुढे केला.
'पाटी नाही लावलीत,' ती म्हणाली.

दोघी निघालो टर्मिनलकडे, बदकांच्या पावलांनी,
कुठे थांबायचं ते आधी ठरवून: कॉफीच्या यंत्रापाशी.
ते बंद होतं.
मागे पाऊस विमानाला काचेत बसवत होता.